नागरिकत्व मिळाल्यावर मागाहून कुटुंब जोडणं: मुंबईतली सेवा कुठे पैसे वसूल करून देते, कुठे नाही

घरातल्या एकाने गुंतवणूक करून कॅरिबियन बेटांपैकी एखाद्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं असतं. पुढे त्याचं लग्न होतं, मूल होतं किंवा आई-वडिलांनाही सोबत घ्यावंसं वाटतं. मग मुंबईतले सल्लागार 'डिपेंडंट अ‍ॅडिशन' नावाची, म्हणजे अवलंबितांना मागाहून जोडण्याची, सेवा पुढे करतात. नरिमन पॉइंट, बीकेसी, लोअर परळ इथल्या कचेऱ्यांत ती बहुधा एकरकमी पॅकेज म्हणून विकली जाते. आमचं मत आधीच सांगतो. तान्ह्या बाळासाठी ही सेवा घ्यावी. नवरा-बायकोसाठी हिशेब मांडून घ्यावी. आई-वडिलांसाठी सगळ्या बाजू तपासल्याशिवाय घेऊ नये आणि भावंडांसाठी बहुतेक वेळा घेऊच नये. कोणाकडून घ्यायची हे ठरवताना त्या कचेरीला बेटांची माहिती किती यापेक्षा मुंबईतले कागद किती कळतात हे बघा, कारण फाइल अडते ती इथल्या कागदांवर.

सेंट किट्स अँड नेव्हिस, डॉमिनिका, ग्रेनेडा, अँटिग्वा अँड बार्बुडा आणि सेंट लुसिया या पाच देशांचे कार्यक्रम भारतात जास्त चालतात. सेंट किट्सचा सगळ्यात जुना, १९८४ पासूनचा. २०२४ मध्ये या देशांनी आपसांत किमान दर ठरवला आणि सरकारी निधीत भरायची रक्कम २ लाख डॉलरच्या खाली जाणार नाही असं केलं. ग्रेनेडात चार जणांपर्यंतच्या कुटुंबाला २,३५,००० डॉलर आणि अँटिग्वात २,३०,००० डॉलर असे सपाट दर झाले. मागाहून माणूस जोडणं महाग का पडतं हे या सपाट दरावरूनच कळतं. सुरुवातीच्या अर्जात बायको आणि दोन मुलं याच रकमेत बसतात, त्यांच्यापोटी फक्त तपासणी, प्रक्रिया आणि पासपोर्टचं शुल्क वाढतं. तीच माणसं नागरिकत्व मिळाल्यावर जोडायची म्हटलं की प्रत्येकामागे वेगळं योगदान लागतं आणि त्याचा तक्ताही वेगळा असतो. म्हणून ज्यांचा मूळ अर्ज अजून मंजूर व्हायचा आहे त्यांनी लग्न ठरल्याचं किंवा बाळ झाल्याचं लगेच कळवावं. चालू फाइलमध्ये नाव घालणं हे बंद झालेली फाइल उघडण्यापेक्षा सोपंही असतं आणि स्वस्तही.

सल्लागाराने पहिल्या भेटीतच एक तारीख विचारायला हवी: मुख्य अर्जदाराच्या नागरिकत्व प्रमाणपत्रावरची. ती त्याने विचारली नाही, तर तो तुम्हाला नको असलेली सेवा विकायची शक्यता आहे. त्या तारखेनंतर जन्मलेलं मूल या देशांत साधारणपणे वंशाने नागरिक ठरतं. त्याच्यासाठी नोंदणी आणि पासपोर्टचा अर्ज लागतो, गुंतवणुकीच्या तक्त्यातलं मोठं योगदान नाही. त्या तारखेआधी जन्मलेलं आणि अर्जात न घेतलेलं मूल मात्र 'अ‍ॅडिशन'च्या रांगेत जातं आणि पूर्ण शुल्क भरतं. दोन सख्ख्या भावंडांच्या खर्चात त्यामुळे हजारो डॉलरचा फरक पडू शकतो. बाळासाठी पॅकेजचा भाव सांगितला गेला, तर तो वंशाने नोंदणीचा आहे की अ‍ॅडिशनचा, हे लेखी मागून घ्या.

याच बाळाची भारतीय बाजू बहुतेक ठिकाणी सांगितलीच जात नाही. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेलं मूल जन्माने भारतीय ठरायला दोघं पालक भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा. वडिलांनी डॉमिनिकाचं नागरिकत्व घेतलंय, आई अजून भारतीय आहे आणि बाळ दादरच्या नर्सिंग होममध्ये जन्मलं, तर ते जन्माने भारतीय. त्याला परदेशी पासपोर्ट काढायचा की भारतीय, हा निर्णय आधी घ्यावा लागतो, कारण दोन्ही पासपोर्ट एकाच वेळी बाळगता येत नाहीत. आई-वडील दोघंही परदेशी नागरिक असतील तर बाळ भारतीय नाहीच. परदेशी पासपोर्ट हाती येईपर्यंत त्याच्याकडे प्रवासाचा कुठलाच कागद नसतो. पासपोर्ट आला की ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या पोर्टलवर, त्याचा व्हिसा आणि मग ओसीआयचा, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज करावा लागतो. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर सहलीला जायचं ठरवून तिकिटं काढणारी कुटुंबं इथेच अडकतात.

पती-पत्नीच्या बाबतीत सरकारला दोन गोष्टी पटवून द्यायच्या असतात: लग्न खरं आहे, आणि जोडली जाणारी व्यक्ती स्वतंत्र तपासणीत स्वच्छ आहे. या कार्यक्रमांत साधारण १६ वर्षांवरच्या प्रत्येकाची ड्यू डिलिजन्स, म्हणजे पार्श्वभूमीची, तपासणी होते आणि तिचं शुल्क आगाऊ भरायचं असतं. अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही. मुख्य अर्जदार एकदा तपासून झालाय म्हणून बायकोला सूट मिळत नाही. तिच्या वडिलांच्या धंद्यावर गुन्हा नोंद असेल, ती आधी कुठल्या कंपनीत संचालक असेल आणि त्या कंपनीवर कारवाई झाली असेल, तर ते अर्जात आधीच लिहावं. तपास करणाऱ्या संस्थांना ते सापडतंच. लपवलेली गोष्ट सापडली की फक्त नवा अर्ज जात नाही, मूळ नागरिकत्वालाही धोका पोचतो.

तसाच धोका आणखी एका ठिकाणी आहे. मूळ अर्जात सगळ्या कुटुंबाची माहिती भरायची असते, जे सोबत अर्ज करत नाहीत त्यांचीसुद्धा. त्या वेळी पहिल्या लग्नातल्या मुलाचा किंवा विभक्त पत्नीचा उल्लेख टाळला असेल आणि आता तेच मूल जोडायचं असेल, तर अर्ज करण्याआधी मूळ फाइलची प्रत काढून वाचा. विसंगती असेल तर ती का राहिली याचं वकिलाकडून तयार केलेलं निवेदन सोबत लावा. मूळ फाइलची प्रत न मागता नवा फॉर्म भरायला घेणारा सल्लागार सरळ नाकारावा.

आता मुंबईतल्या कागदांकडे. मराठी माणसाचं नाव तीन पायऱ्यांचं असतं आणि लग्नानंतर बायकोचं मधलं नाव, आडनाव, कधी कधी पहिलं नावसुद्धा बदलतं. परदेशी अधिकाऱ्याला ही पद्धत ठाऊक नसते. त्याच्यासमोर जन्मदाखल्यावर एक नाव, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं, पासपोर्टवर तिसरं आणि मुलाच्या दाखल्यावर आईचं नाव फक्त पहिल्या नावाने आलेलं असतं. त्याला या चार वेगळ्या बायका वाटतात. यावर उपाय म्हणून सगळे पाचशे रुपयांच्या स्टँप पेपरवर 'एकच व्यक्ती' असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घेतात. छोट्या स्पेलिंगच्या फरकाला ते चालतं. पहिलं नावच बदललं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रातली नावबदलाची जाहिरात लागते आणि ती लग्नाच्या दाखल्याशी जुळावी लागते. राजपत्र आता ऑनलाइन अर्जावर होतं, पण त्यात स्पेलिंगची चूक गेली तर दुरुस्तीला पुन्हा तेवढाच वेळ जातो. अर्ज पाठवण्याआधी पासपोर्ट समोर ठेवून एक एक अक्षर ताडून बघा. 'जयश्री'ला एका कागदावर दोन ई आणि दुसऱ्यावर एक आय, असे फरक हमखास सापडतात.

जन्मदाखला महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून नव्याने काढावा. घरातला जुना दाखला हस्तलिखित असेल, त्यावर बाळाचं नावच नसेल, किंवा रुग्णालयाने नोंदवलेली तारीख पासपोर्टपेक्षा वेगळी असेल, तर आधी नोंद दुरुस्त करून घ्यावी. नाव घालून घेणं सोपं आहे, तारीख बदलणं नाही. पासपोर्टवरची तारीख शाळेच्या दाखल्यावरून आलेली आणि पालिकेच्या नोंदीतली वेगळी, असं साठीच्या पुढच्या आई-वडिलांच्या बाबतीत फार होतं. अशा वेळी कोणता कागद खरा धरायचा हे ठरवून पासपोर्ट किंवा नोंद यापैकी एक बदलावंच लागतं. प्रतिज्ञापत्रावर भागत नाही.

यानंतर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा यासाठीचा सरकारी शिक्का. भारत २००५ मध्ये अपॉस्टिलच्या हेग करारात आला आणि वर सांगितलेले देशही त्यात आहेत, म्हणून दूतावासाच्या शिक्क्याची गरज नाही. जन्म आणि विवाहाच्या दाखल्यांवर आधी मंत्रालयात राज्य सरकारचं प्रमाणीकरण होतं आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, तेही नेमलेल्या एजन्सीमार्फत. सरकारी शुल्क नाममात्र आहे. पॅकेजमध्ये प्रत्येक कागदामागे काही हजार लावले असतील तर तो एजंटचा नफा आहे, त्यावर घासाघीस करा. लॅमिनेट केलेला दाखला घेऊन जाऊ नका, त्यावर शिक्का बसत नाही. मराठीतल्या कागदाचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर मूळ कागदाला जोडून मगच पुढे पाठवावं.

सगळ्यात शेवटी दोन कागद काढायचे: पोलीस क्लिअरन्स आणि वैद्यकीय तपासणी. दोन्ही तीन ते सहा महिन्यांत शिळे होतात. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट (पीसीसी) पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवरून काढावं, शुल्क ५०० रुपये आहे. स्थानिक पोलीस ठाण्याचा साधा दाखला परदेशी सरकारं सहसा मानत नाहीत. पासपोर्टवरचा पत्ता गिरगावचा आणि राहणं ठाण्यात, असं असेल तर पडताळणी लांबते. जोडायची व्यक्ती दुबईत किंवा सिंगापुरात राहून आलेली असेल तर तिथलंही क्लिअरन्स लागतं, आणि ते मिळवायला मुंबईत बसून वेळ लागतो. म्हणून क्रम असा ठेवावा: नावबदल आणि जन्मनोंदी आधी, परदेशातले पोलीस दाखले त्यांच्यासोबत, मग अपॉस्टिल, आणि भारतातलं पीसीसी व एचआयव्ही चाचणीसह वैद्यकीय अहवाल अगदी शेवटी. कितीतरी कचेऱ्या पैसे घेतल्या घेतल्या ग्राहकाला डॉक्टरकडे पाठवतात, कारण त्याने काम सुरू झाल्यासारखं दिसतं. राजपत्र येईपर्यंत तो अहवाल बाद होतो आणि चाचण्या पुन्हा कराव्या लागतात.

मोठ्या मुलांसाठी आणि आई-वडिलांसाठी 'अवलंबित' हा शब्द कागदावर सिद्ध करायचा असतो. मुलांची वयोमर्यादा देशानुसार २५ किंवा ३० पर्यंत जाते, आई-वडिलांसाठी कुठे ५५ ची अट आहे तर कुठे त्याहून जास्त. वय बसलं म्हणजे झालं, असं नाही. नोकरीला लागलेला २४ वर्षांचा मुलगा फॉर्म १६ घेऊन आला की तो अवलंबित उरत नाही. कॉलेजचं बोनाफाइड, फी भरल्याच्या पावत्या, वडिलांच्या खात्यातून दरमहा गेलेले पैसे हा पुरावा चालतो. आई-वडिलांसाठी एकाच पत्त्यावरचं रेशनकार्ड, मुलाने भरलेला मेडिक्लेमचा हप्ता, दोन-तीन वर्षांची बँक स्टेटमेंट. वडिलांना स्वतःची चांगली पेन्शन असेल किंवा घरभाडं येत असेल तर प्रश्न विचारले जातात. अर्जाआधी दोन महिने अचानक मोठ्या रकमा पाठवून केलेला पुरावा चटकन ओळखू येतो. विधवा आईसाठी वडिलांचा मृत्यूदाखला लागतो आणि त्यावरही नावाचा तोच घोळ असतो.

आई-वडिलांना जोडण्याबद्दल आमचा आक्षेप मात्र कागदांपलीकडचा आहे. नाशिक, सातारा, रत्नागिरीकडे शेतजमीन असलेल्या घरांनी हे नीट समजून घ्यावं. परदेशी नागरिकत्व स्वीकारल्याच्या क्षणी नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपतं. ओसीआय कार्ड मिळालं तरी शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते, पण विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. सातबाऱ्यावर सामाईक नावं असतील, वाटणी राहिली असेल, तर ती आधी उरकून घ्या. सत्तर वर्षांच्या आईने वर्षातून एकदा नातवंडांकडे जाण्यासाठी भारतीय पासपोर्टवर दहा वर्षांचा अमेरिकी व्हिसा काढला तर बहुतेक कुटुंबांचं काम भागतं. त्यासाठी तिचं मतदान आणि जमिनीचे हक्क घालवायला लावणारा सल्ला चांगला नाही.

घटस्फोटितांची मुलं हा वेगळाच अवघड भाग. बीकेसीतल्या कुटुंब न्यायालयाचा परस्पर संमतीचा हुकूमनामा घेऊन लोक येतात, त्यात मूल आईकडे राहील एवढंच लिहिलेलं असतं. नागरिकत्व बदलायला त्याने पुरत नाही. दुसऱ्या पालकाची नोटरी केलेली स्पष्ट संमती, किंवा मुलाबाबतचे सगळे निर्णय एकट्या पालकाकडे असल्याचा आदेश, यातलं एक हवंच. दुसरा पालक सापडत नसेल तर न्यायालयात अर्ज करावा लागतो. त्याचा कालावधी कुठल्याही पॅकेजमध्ये धरलेला नसतो.

पैशांचा भाग. अवलंबिताचं योगदान तत्त्वतः मंजुरी आल्यावर ठरलेल्या मुदतीत भरायचं असतं आणि नेमकी इथे भारतीय बँक आडवी येते. परदेशात पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत भारतात राहणाऱ्या व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरच पाठवता येतात. मुख्य अर्जदाराने मे महिन्यात २ लाख डॉलर पाठवले असतील आणि जानेवारीत पत्नीसाठी ६० हजार डॉलर लागले, तर त्याच्या नावावर फक्त ५० हजार शिल्लक असतात. मग १ एप्रिलची वाट बघावी लागते. सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे जिला जोडायचं तिच्याच खात्यातून, तिच्याच मर्यादेतून पैसे जाणं. त्यासाठी तिच्या खात्यात आलेल्या पैशाचा उगम दाखवावा लागतो: तिची तीन वर्षांची आयकर विवरणं, नवऱ्याने दिले असतील तर बक्षीसपत्र, आणि यूडीआयएन (पडताळणीचा क्रमांक) असलेलं सीएचं प्रमाणपत्र. बँकेला पैसे पाठवण्याचा हेतू लेखी लागतो. शाखेतला अधिकारी असा व्यवहार पहिल्यांदाच बघत असेल तर तो वर विचारतो आणि आठवडे जातात. म्हणून मंजुरी यायच्या आधीच बँकेच्या परकीय चलन विभागाशी बोलून ठेवावं.

शिवाय टीसीएस आहे, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते तो कर. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही, त्यावरच्या रकमेवर या कारणासाठी २० टक्के लागतो. ६० लाख पाठवले तर ५० लाखांवर १० लाख रुपये वेगळे भरावे लागतात. विवरणपत्र भरल्यावर ते जमेस धरले जातात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकून राहतात. पॅकेजच्या कोटेशनमध्ये ही रक्कम नसते, आणि तितकी रोकड हाताशी नसल्याने शेवटच्या आठवड्यात धावपळ होते.

ज्या पासपोर्टसाठी हे सगळं करायचं त्याचा उपयोग आजच्या तारखेला काय, हेही पुन्हा तपासा. मूळ अर्जाच्या वेळचं ब्रोशर आता लागू नाही. ब्रिटनने जुलै २०२३ मध्ये डॉमिनिका आणि असाच कार्यक्रम असलेल्या पॅसिफिकमधल्या वानुआतूची व्हिसामुक्त सोय काढून घेतली. युरोपीय संघाने वानुआतूची सवलत डिसेंबर २०२४ मध्ये कायमची रद्द केली. ग्रेनेडाच्या पासपोर्टवर अमेरिकेचा ई-२ (गुंतवणूकदारांचा) व्हिसा मिळतो असं अजूनही सांगितलं जातं, पण डिसेंबर २०२२ च्या अमेरिकी कायद्यानंतर गुंतवणुकीने नागरिक झालेल्याला त्या देशात आधी तीन वर्षं वास्तव्य असावं लागतं. तुर्कस्तानचं गणित तर वेगळंच आहे. तिथे मूळ अर्जात फक्त जोडीदार आणि १८ वर्षांखालची मुलं येतात. नंतर लग्न झालं तर जोडीदाराला तीन वर्षं संसार झाल्यावर विवाहाच्या आधारे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. तुर्की नागरिकाला मागाहून बायको जोडून देण्याचं पॅकेज कोणी विकत असेल तर तिथून उठावं.

मुंबईतली बहुतेक कचेरी ही अधिकृत एजंट नसून त्याची इथली विक्री शाखा किंवा उप-एजंट असते. त्यात गैर काही नाही. फक्त अर्ज प्रत्यक्ष कोण दाखल करणार त्या परवानाधारक एजंटचं नाव करारात असावं आणि ते त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या यादीशी ताडून पाहावं. कोटेशन एकरकमी घेऊ नका. सरकारी योगदान, ड्यू डिलिजन्स, प्रक्रिया व पासपोर्ट शुल्क, आणि कचेरीची फी हे चार आकडे वेगळे मागा. पहिले तिन्ही सरकारी तक्त्यात असतात, म्हणजे चौथ्यावरच बोलायचं उरतं. कचेरीची फी तीन टप्प्यांत असावी: करारावर, फाइल दाखल झाल्यावर, मंजुरीवर. दाखल होण्याआधी ऐंशी-नव्वद टक्के मागणाऱ्याला पुढे घाई उरत नाही. मूळ नागरिकत्व सरकारी निधीऐवजी तिथली मालमत्ता विकत घेऊन मिळवलं असेल आणि ती मालमत्ता विकली असेल, तर माणूस जोडता येतो का याचं उत्तर त्या सरकारच्या नागरिकत्व युनिटकडून लेखी आणून द्यायला सांगा. तोंडी 'होईल' यावर पैसे देऊ नका.

मंजुरीनंतरचं काम कचेऱ्या ग्राहकावर सोडतात, त्यामुळे ते इथेच नोंदवतो. जोडलेल्या व्यक्तीच्या प्रमाणपत्रावरच्या तारखेपासून तिचा भारतीय पासपोर्ट वापरायचा नाही, विमानतळावरही नाही. तसा वापर पासपोर्ट कायद्याने दंडपात्र आहे. भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, ते ओसीआयसाठी लागतंच. व्यक्ती मुंबईतच असेल आणि परदेशी पासपोर्ट कुरिअरने आला असेल, तर त्या दिवशी ती भारतात व्हिसाविना असलेली परदेशी नागरिक ठरते. एफआरआरओकडे अर्ज करून राहण्याची परवानगी नियमित करणं हे पहिलं काम. ओसीआयची फी भारतात अर्ज केल्यास १५,००० रुपये आहे. बँकेत केवायसी बदलून खात्याचा प्रकार राहण्याच्या ठिकाणानुसार ठरवून घ्यावा, पॅनवर नागरिकत्व दुरुस्त करावं, म्युच्युअल फंड आणि डीमॅटला कळवावं, आणि मतदार यादीतून नाव वगळण्यासाठी फॉर्म ७ भरावा.